पहिला शब्द कोणता टाकावा?

पुण्यात रात्रीचे बारा वाजले की फोनवर वर्डलचा नवा शब्द येतो. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाची दुपार असते, आणि ऑकलंडमध्ये तोच शब्द कित्येकांनी सकाळच्या चहाबरोबर सोडवून टाकलेला असतो. हा खेळ ज्याच्या त्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे पालटतो. त्यामुळे अर्धं घर इकडे आणि अर्धं तिकडे, अशा मराठी कुटुंबांच्या गटांवर एक शिस्त आपोआप पाळली जाते: शब्द फोडायचा नाही, फक्त रंगीत चौकोन पाठवायचे. त्या चौकोनांवरून कुणाला किती डाव लागले ते कळतं, शब्द मात्र कळत नाही. आणि मग प्रश्न हमखास येतो, "सुरुवात कशाने केलीस?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर नामवंत गणितज्ञांनी आणि संगणकतज्ज्ञांनी मनापासून वेळ घातला आहे. त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत, आणि ती एकसारखी का नाहीत हे समजून घेण्यातच या खेळाची खरी गोडी आहे असं मला वाटतं.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात नियम. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लपवलेला असतो आणि तो ओळखायला सहा डाव मिळतात. प्रत्येक डावात पाच अक्षरांचा खराखुरा शब्दच टाकावा लागतो. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर घर हिरवं होतं. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली, तर पिवळं. अक्षरच नसेल तर करडं. दिवसाला एकच शब्द, आणि सगळ्या जगाला तोच.

हा खेळ जोश वॉर्डल या मूळच्या वेल्सच्या, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या प्रोग्रॅमरने आपल्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी केला. त्यांना शब्दखेळांची आवड. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने तो सर्वांसाठी खुला केला. १ नोव्हेंबरला खेळणारे होते ९०. जानेवारीच्या सुरुवातीला तीन लाख, आणि पुढच्या आठवडाभरात वीस लाख. ३१ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला.

पलक शाह यांचं नाव या गोष्टीत बहुतेक वेळा प्रेमकथेपुरतं येतं. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द बारा हजारांच्या वर आहेत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त शिकल्यासवरल्या माणसानेही कधी ऐकलेले नसतात. वॉर्डलने ते सगळे शब्द एकेक करून शाह यांच्यासमोर ठेवले: हा ओळखीचा आहे, हा नाही, हा कदाचित. त्या निवडीतून अडीच हजारांच्या आसपास शब्द उरले, आणि खेळाच्या मूळ यादीत उत्तरं म्हणून आले २,३१५. बाकीचे दहा हजारांहून अधिक शब्द डाव म्हणून चालत, पण ते तेव्हा उत्तर कधी नसत. म्हणजे पहिला शब्द निवडताना आपण सगळ्या इंग्रजी भाषेशी झुंजत नसतो, एका माणसाने हाताने निवडलेल्या यादीशी आपली गाठ असते. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

आता पहिल्या डावाचं काम काय ते पाहू. पुष्कळांना वाटतं की पहिला शब्द म्हणजे नशीब आजमावणं, लागला तर लागला. २,३१५ मध्ये एक, असा तो संभव. पण पहिल्या डावाचं खरं काम ते नाही. शाळेत असताना आपण "मनातली वस्तू ओळखा" खेळायचो, तेव्हा जाणती मुलं पहिल्याच झटक्याला "छत्री आहे का?" असं विचारत नसत, "सजीव आहे का?" असं विचारत. 'हो' आलं काय किंवा 'नाही' आलं काय, निम्मं जग बाद. वर्डलचा पहिला शब्द हा असा प्रश्न आहे. पाच घरं, प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे रंगांच्या २४३ मांडण्या कागदावर होतात. त्यातल्या पाच प्रत्यक्षात येऊच शकत नाहीत, कारण चार घरं हिरवी झाल्यावर पाचवं पिवळं होणं अशक्य. उरल्या २३८. चांगला पहिला शब्द तो, जो २,३१५ शब्दांची या मांडण्यांमध्ये शक्य तितकी बारीक आणि सारखी वाटणी करतो. कुठलाही रंग आला तरी हातात शब्दांचा छोटासाच ढीग उरला पाहिजे.

इथे स्वरांची हौस आडवी येते. जगभर लोकप्रिय असलेला पहिला शब्द म्हणजे अद्यू: ए, डी, आय, ई, यू. पाचात चार स्वर, मग आणखी काय हवं? पण आकडे वेगळं बोलतात. मूळ यादीतल्या हजाराहून थोड्या जास्त शब्दांत ई आहे. हे जवळजवळ निम्मे, म्हणून ई हा फार चांगला प्रश्न. ए साधारण नऊशे शब्दांत. त्यानंतर नंबर लागतो आर या व्यंजनाचा, आठशेहून अधिक शब्द. टी, एल आणि एस ही व्यंजनं आय या स्वराच्या आसपासच आहेत. यू मात्र साडेचारशेच्या घरात, आणि डी चारशेच्याही खाली. त्यात अद्यूमध्ये यू बसलाय शेवटच्या जागी, आणि यू-ने संपणारे शब्द त्या यादीत जवळजवळ नाहीतच. म्हणजे ते घर हिरवं होण्याची आशाच नाही. शिवाय स्वर कळले तरी शब्दाचा सांगाडा कळत नाही, तो व्यंजनं सांगतात. पुढे एक डाव मांडून दाखवतो, त्यात हे डोळ्यांनी दिसेल.

अक्षर कोणतं याइतकीच ते कुठे आहे हीही बाब महत्त्वाची. एस-ने सुरू होणारे शब्द त्या यादीत ३६६, म्हणजे सहा-सात शब्दांमागे एक. पण एस-ने संपणारे फक्त ३६. इंग्रजीची साधी अनेकवचनं यादीत घेतलेलीच नाहीत, त्याचा हा परिणाम. उलट ई-ने संपणारे ४२४. म्हणून जो खेळाडू एस शेवटी टाकतो तो ते घर वाया घालवतो, आणि जो एस पुढे नि ई मागे ठेवतो त्याची पकड पहिल्याच डावात बसते. स्लेट या शब्दाचं बळ इथे आहे: एस सुरुवातीला, ए मधोमध, ई शेवटी, आणि तिन्ही आपापल्या हक्काच्या जागी.

अक्षरं मोजून गुपित फोडायची ही विद्या जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमधल्या अल-किंदी या विद्वानाने सांकेतिक लिखाण उलगडण्यासाठी कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायची रीत लिहून ठेवली. शेरलॉक होम्सच्या नाचऱ्या आकृत्यांच्या गोष्टीत होम्सही सर्वात जास्त वेळा येणारी आकृती म्हणजे ई, इथूनच सुरुवात करतो. मोर्सच्या तारायंत्रात ई-ला फक्त एक टिंब मिळालं, ते याच हिशेबाने.

पण नुसतं मोजून भागत नाही. 'सारखी वाटणी' म्हणजे नेमकं काय, हे ठरवावं लागतं, आणि तज्ज्ञांची उत्तरं वेगळी होतात ती इथे. डोनाल्ड क्नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मास्टरमाइंड या रंगीत खुंट्यांच्या खेळावर एक छोटा निबंध लिहिला. सहा रंग, चार खुंट्या, १,२९६ शक्यता. त्याने दाखवलं की पाच डावांत कुठलीही मांडणी ओळखता येतेच. त्याची कसोटी होती: नशीब सर्वात वाईट निघालं तरी हातात कमीत कमी शक्यता उराव्यात. त्याचा पहिला डाव होता दोन खुंट्या एका रंगाच्या आणि दोन दुसऱ्या रंगाच्या. चार वेगवेगळे रंग टाकले की जास्त माहिती मिळेल असं कुणालाही वाटेल, पण तसं सुरू केलं तर पाच डावांची हमी राहत नाही. अद्यूतल्या चार स्वरांचा मोह याच जातीचा आहे.

क्नुथची कसोटी वर्डलला लावली तर रेझ हा शब्द वर येतो: आर, ए, आय, एस, ई. त्याची पाचही घरं करडी आली, म्हणजे सर्वात वाईट झालं, तरी १६८ शब्द उरतात. सरासरी किती उरतात असं विचारलं तर जुन्या वळणाचा रोट, म्हणजे आर-ओ-ए-टी-ई, थोडा पुढे जातो. सरासरी साठच्या आसपास. ढिगांची संख्या मोजायची ठरवली तर ट्रेस जिंकतो, त्याने यादीचे दीडशे ढीग पडतात. एकाच यादीवर तीन कसोट्या आणि तीन विजेते. यातला कुणीही चुकलेला नाही, प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारलाय.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्रँट सँडरसन यांनी हा विषय लाखो लोकांपर्यंत नेला. 'थ्री ब्लू वन ब्राऊन' या नावाने ते गणिताचे देखणे व्हिडिओ करतात. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहिती मोजायचं जे माप दिलं, बिट, ते त्यांनी वर्डलला लावलं. शक्यता निम्म्या झाल्या की एक बिट माहिती मिळाली. पुन्हा निम्म्या झाल्या की दुसरा. चांगला पहिला शब्द जवळजवळ सहा बिट देतो, म्हणजे यादी साधारण साठाव्या हिश्शावर आणतो. त्यांनी आधी क्रेन हा शब्द सर्वोत्तम म्हणून सांगितला. मग लक्षात आलं की एकच अक्षर दोनदा आलेल्या शब्दांना रंग देताना प्रोग्रॅममध्ये बारीक चूक होती. काही दिवसांतच त्यांनी दुसरा व्हिडिओ करून ती उघडपणे दुरुस्त केली. दुरुस्तीनंतर वर आला सॅलेट: एस, ए, एल, ई, टी. पंधराव्या शतकातल्या एका शिरस्त्राणाचं हे नाव. स्वतःच्या चुकीवर स्वतंत्र व्हिडिओ करणं हे मला त्यांच्या गणिताइतकंच आवडलं.

पुढे एमआयटीमधल्या दिमित्रिस बर्ट्सिमास आणि अॅलेक्स पॅस्कोव्ह यांनी सगळा खेळ शेवटापर्यंत तपासला. पहिल्या डावानंतर येणारा प्रत्येक रंग, त्यावरचा सर्वोत्तम दुसरा डाव, त्यावरचा तिसरा, असं शेवटच्या फांदीपर्यंत. उत्तर पुन्हा सॅलेट. त्याने सुरू केलं आणि पुढे एकही चूक केली नाही, तर २,३१५ शब्दांसाठी सरासरी ३.४२१ डाव लागतात आणि पाचाच्या पुढे डाव कधीच जात नाही.

मग सगळ्यांनी सॅलेटच टाकावा का? अशाच संपूर्ण तपासण्यांत सॅलेटचे एकूण डाव भरतात ७,९२०. त्याच पाच अक्षरांच्या स्लेटचे ७,९२८. क्रेनचे ७,९३०. म्हणजे सर्व २,३१५ शब्द खेळून झाल्यावर सॅलेटवाला क्रेनवाल्याच्या दहा डाव पुढे असेल. रोज एक शब्द या हिशेबाने त्याला सहा वर्षांहून जास्त काळ लागेल, तोही दोघांनी यंत्रासारखं बिनचूक खेळलं तर. माणसाच्या हातून एका महिन्यातच याहून जास्त डाव इकडेतिकडे होतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं की स्लेट, क्रेन, ट्रेस, क्रेट, रेझ यांपैकी जिभेवर रुळलेला कोणताही एक शब्द घ्यावा आणि तो शक्यतो बदलू नये. हे सगळे शब्द मूळ उत्तरांच्या यादीतले आहेत, सॅलेट त्यात नाही. एकच शब्द रोज टाकला की त्याचे रंग ओळखीचे होतात. स्लेट पूर्ण करडा आला तर यादीत २२१ शब्द उरतात, आणि ते ओ, आय, यू आणि वाय यांच्या आधाराने उभे असतात, हे सवयीने कळायला लागतं. रोज नवा शब्द टाकणाऱ्याला ही ओळख कधी होत नाही.

डाव जिंकला किंवा हरला जातो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत. एक डाव मांडून पाहा. पहिला शब्द अद्यू. फक्त आय पिवळा आला, बाकी सगळी घरं करडी. दुसरा शब्द माइट: एम, आय, जी, एच, टी. एम करडा आणि पुढची चारही घरं हिरवी. आनंदाने उडी मारावी असा क्षण, आणि फसगतही नेमकी इथेच. फाइट, लाइट, नाइट, राइट, साइट, टाइट. सहा शब्द, सगळे यादीतले, सगळ्यांचं शेपूट एकच. हातात चार डाव. एकेक करून टाकत गेलात तर सहापैकी दोन वेळा हरणार, आणि चार घरं हिरवी असताना हरणार.

वाट आहे. तिसऱ्या डावात मुद्दाम असा शब्द टाकायचा जो उत्तर असूच शकत नाही: स्नार्ल. एस, एन, ए, आर, एल. एस हिरवा आला तर साइट. एन पिवळा आला तर नाइट, आर पिवळा तर राइट, एल पिवळा तर लाइट. सगळं करडं आलं तर उरले फाइट आणि टाइट, दोन शब्द आणि डाव तीन. हरणं संपलं. हिरवी घरं हातात असताना ती सोडून वेगळाच शब्द टाकायला मन धजत नाही, पण खेळ शिकायचा तो इथेच. खेळात एक कठीण पद्धत आहे, तिच्यात मिळालेली अक्षरं पुढच्या प्रत्येक डावात वापरावीच लागतात, म्हणून स्नार्लची वाट तिथे बंद. त्या पद्धतीने खेळणाऱ्याने अशा शेपटाच्या जवळ लवकर जायचंच नाही. दोन डाव शेपूट न दिसू देता आधी पुढची व्यंजनं तपासून घ्यायची.

या सगळ्या गणिताच्या पायाखालची जमीन मात्र हलली आहे. जुनी यादी खेळाच्या पानाच्या कोडमध्ये उघडी पडलेली होती, म्हणून तर ती हाती घेऊन एवढं मोजता आलं. टाइम्सने तिच्यातले काही शब्द काढले. नोव्हेंबर २०२२ पासून ट्रेसी बेनेट या संपादक म्हणून शब्द निवडू लागल्या, आणि पुढे जुन्या यादीबाहेरचे शब्दही आले. टाइम्सचं स्वतःचं यंत्र, जे खेळून झाल्यावर तुमचे डाव तपासून सल्ला देतं, त्याने एप्रिल २०२२ मध्ये क्रेनने सुरुवात केली आणि त्याच वर्षी ते स्लेटवर गेलं. ३.४२१ हा आकडा एका गोठलेल्या यादीचा होता. आता समोर एक जिवंत माणूस बसून शब्द निवडतो, त्यामुळे तिसऱ्या दशांश स्थळावरचा फरक निरर्थक झाला. एस पुढे, ई मागे, आर-टी-एल-एन हाताशी, हा ठोकताळा मात्र टिकून आहे, कारण तो यादीपेक्षा भाषेचा आहे.

याच कारणाने मला मराठीचा विचार सोडवत नाही. भारतीय भाषांतही अशा खेळाचे प्रयोग झाले आहेत, पण देवनागरीत पहिल्या शब्दाचं गणित मुळापासून बदलतं. आपलं एकक अक्षर आहे, स्वरचिन्हासकट. ळ धरून चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी घेतली तर साधी अक्षरंच चारशेच्या वर जातात, आणि जोडाक्षरं वेगळीच. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना हे रोज हाताने अनुभवावं लागे. देवनागरीच्या पेटीत इंग्रजीच्या कितीतरी पट कप्पे, आणि वारंवार लागणारे खिळे जवळच्या कप्प्यात. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सव्वीसपैकी पाच अक्षरं तपासतो. मराठीत तीन अक्षरी शब्द चारशेपैकी तीन. नुसते तीन रंग दिले तर बहुतेक घरं करडीच येणार आणि खेळणारा कंटाळणार. म्हणून व्यंजन बरोबर पण मात्रा चुकली, याची खूण वेगळी द्यावीच लागेल: उत्तरात की आहे आणि तुम्ही का टाकला, तर ते तुम्हाला कळलं पाहिजे.

ती खूण असेल असं धरून मी तीन अक्षरी खेळासाठी सावली हा शब्द निवडेन. स, व, ल ही तिन्ही व्यंजनं मराठीत पदोपदी भेटणारी. आ, अ आणि ई असे तीन वेगळे स्वर एका शब्दात तपासले जातात, आणि शेवटी ई आहे, जिथे आपली असंख्य नामं संपतात. काहीच हाती लागलं नाही तर दुसरा शब्द तरुण: त, र, ण नवे, आणि उ-चीही चौकशी होऊन जाते.  

चार अक्षरी खेळ केला तर यादी करणाऱ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहील तो क्रियापदांचा. विचारणे, उगवणे, हरवणे, सांभाळणे यादीत घ्यायचे की नाहीत? घेतले तर शेवटच्या घरात णे इतक्या वेळा येईल की पहिल्या डावात तो टाकावाच लागेल, आणि मग मी हरवणे-ने सुरुवात करेन: ह, र, व तिन्ही चलनी, आणि शेवटचं घर क्रियापद आहे की नाम ते लगेच सांगून टाकेल. नाही घेतले, तर शेवटचं घर पुन्हा आ आणि ई यांचं होईल, आणि मी सावली-च्याच वळणाचा चार अक्षरी शब्द शोधेन. माझं मत विचाराल तर यादी करणाऱ्याने क्रियापदं धातूरूपात घ्यावीत आणि णे सोडून द्यावा, जशी शाह आणि वॉर्डल यांनी अनेकवचनं सोडली.